पावणेअकराची चक्कर

१

सकाळचा चहा सासूबाई करायच्या, डबा नवी भरायची, आणि डब्याचं झाकण नीट लागलंय का हे तिचा नवरा तीनदा बघायचा. एरवी या माणसाचा काटेकोरपणाशी काही संबंध नव्हता. ओला टॉवेल पलंगावर, चपला दारात एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. पण डब्याचं झाकण, बुटांच्या नाड्या आणि कमरेचा पट्टा या तीन गोष्टी हाताने चाचपल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे. त्याचं कामच तसं होतं. उंच इमारतींच्या काचा तो बाहेरून पुसायचा. दोराला टांगलेल्या फळीवर बसायचं, पायांचे दोन्ही तळवे काचेला टेकवायचे आणि पुसत पुसत वरून खाली यायचं.

"आतल्या लोकांना आधी आमचे पाय दिसतात," तो सांगायचा, "तोंड मागाहून. चहाचा कप तसाच हातात धरून बघत राहतात बिचारे."

नवी घरी बसून पडदे शिवायची. एका दुकानाचे गठ्ठे यायचे, शिवून परत जायचे. यावरूनही त्याने पहिल्याच आठवड्यात तिची थट्टा केली होती. "मी दिवसभर घासून लोकांच्या घरात उजेड सोडायचा आणि तू पडदा लावून तो अडवायचास. जमणार कसं आपलं?"

"तुम्ही पुसलेल्या काचा बघवत नाहीत लोकांना," ती म्हणाली, "म्हणून तर माझं चालतं."

सासूबाई चहाच्या कपात हसल्या. ही मुलगी कमी बोलते, पण बोलते तेव्हा नेम धरून बोलते, हे घराला तेव्हा कळलं. 'नवी' हे काही तिचं नाव नव्हतं. लग्न होऊन तीन आठवडे झालेल्या बाईला जिन्यातल्या बायका दुसरं काय म्हणणार? तेच चिकटलं.

घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यांना जोडणारा अरुंद बोळ. आल्या आल्या नवीच्या नजरेला पडली ती त्या बोळाची भिंत. कमरेच्या जरा वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हाताच्या पंज्याएवढा रुंद एक काळपट पट्टा होता. तेवढीच भिंत गुळगुळीत झालेली, बोट फिरवलं तर तेलकट लागावी अशी. कपाट घासून गेलं असेल, असं ती धरून चालली. पण कपाट काही रोज घासून जात नाही. आणि सासूबाई तर बोळाच्या मधोमध चालायच्या, ताठ, भिंतीला पदरही न लावता.

पहिली चक्कर आली ती नवऱ्याची लग्नाची रजा संपली त्या सोमवारी, पावणेअकराला. नवी मशीनवर बसली होती. अचानक खोली डावीकडे झुकली. पंखा, खिडकी, दोऱ्याची रिळं, सगळं एका बाजूला ओघळलं आणि तिच्या खालची खुर्ची कुणी तरी हळूच काढून घेतल्यासारखी झाली. तिने मशीनला मिठी मारली. चाळीसेक सेकंदांनी खोली परत आली.

समोरच्या वहिनींना हे कळायला दहा मिनिटंही लागली नाहीत. "चक्कर? आणि आंबट खावंसं वाटतं का गं?" त्यांनी डोळे मिचकावले.

"नाही वहिनी. फक्त चक्कर."

"वाटेल, वाटेल. घाई कसली."

सासूबाई मात्र दारातच उभ्या होत्या. त्या तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते नवीला त्या दिवशी वाचता आलं नाही.

२

समोरच्या वहिनींचा अंदाज तपासणीत खोटा ठरला. चक्कर मात्र दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी दोनदा आली. नवऱ्याने आपल्या सुट्टीच्या दिवशी तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई समजावून सांगणाऱ्यातल्या होत्या. टेबलावर प्लॅस्टिकचा भला मोठा कान होता, तो त्यांनी पेटीसारखा उघडला. "आपण उभे आहोत की आडवे, हे शरीराला तिघं जण सांगतात. डोळे, पायांचे तळवे आणि कानाच्या आतल्या या तीन नळ्या. तिघांचं एकमत असलं की आपण स्थिर. एकाने वेगळंच सांगायला घेतलं की घर फिरतं." नळ्यांच्या बुडाशी चुन्याचे बारीक कण असतात, ते जागचे सुटून नळीत शिरले की मान वळवताच चक्कर येते, असं त्यांनी सांगितलं. शिवाय रक्तदाब उतरतो, पाणी कमी पडतं, रक्त कमी असतं, माणूस घाबरलेलं असतं. कारणं पुष्कळ. बहुतेक साधी.

त्यांनी नवीला पलंगावर झटकन आडवं केलं, मान कडेवरून खाली सोडली आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या. काही झालं नाही. दुसऱ्या बाजूनेही नाही.

"आज तरी बुबुळं जागेवर आहेत. कण हललेले असले तर बुबुळं एका बाजूला सरकतात आणि झटका देऊन परत येतात. ते लपवता येत नाही कुणाला." त्यांनी वही ठेवायला सांगितली: तारीख, वेळ, काय करत होतात, किती वेळ टिकली. भरपूर पाणी प्यायचं, उठताना आधी कडेवर बसायचं, चक्कर आली तर डोळे न मिटता एका ठिकाणी नजर रोवायची. गोळ्या दिल्या. आणि तरीही थांबली नाही तर घरी करायचा मानेचा व्यायाम शिकवला. तिने आडवं व्हायचं, दुसऱ्याने डोकं धरायचं. चार अवस्था, प्रत्येकी अर्धं मिनिट.

शिकला तो नवरा, आणि काय मन लावून! नर्सने दिलेल्या उशीवर त्याने दोनदा सराव केला.

"उशीची चक्कर गेली असेल हो आता," नवी म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "चांगला धरतोय. तुम्हाला काय, घरचाच डॉक्टर मिळाला."

३

नवीने वही आखली. शिवणाच्या पट्टीने, सरळ रेघा. आणि रेघा आखणाऱ्या माणसाला जे होतं ते तिला झालं: दोन आठवड्यांत तिला दिसायला नको ते दिसलं.

चक्कर सकाळी साडेदहाच्या आधी कधी येत नव्हती. एक ते दोन कधीच नाही. साडेचारनंतर नाही. सुट्टीच्या दिवशी तर नावालाही नाही. पावणेअकराची मात्र घड्याळ लावून घ्यावं अशी.

ती काही भोळी नव्हती. तिने विचार केला, साडेदहा ते साडेचार मी मशीनवर वाकलेली असते, मान अवघडते, दुसरं काय? म्हणून एक दिवस तिने मशीनला हातच लावला नाही. खुर्चीत ताठ बसून राहिली, शिक्षा झाल्यासारखी. पावणेअकराला खोली झुकली. मग एका दिवशी सोसाट्याचा वारा सुटला, उंचावरची कामं बंद राहिली, नवरा घरी होता. त्या दिवशी तिने मुद्दाम सात तास मान खाली घालून शिवण केलं. काही नाही. नवरा घरात असला की बायकोला बरं वाटतं, यात नवल ते काय, असं तिने स्वतःला सांगितलं. पटण्यासारखं होतं. तिला जवळजवळ पटलंही.

फक्त एक गोष्ट तिने वहीत लिहिली नव्हती, कारण तिला रकाना सुचत नव्हता. चक्कर येई तेव्हा तिचे पाय जमिनीवर असत, पण तळव्यांना जमीन लागत नसे. तळवे समोर काही तरी दाबत असत. गार, गुळगुळीत, ओलं. पाय लांब करून भिंतीवर उभं राहावं तसं. एकदा साबणाचा वासही आला.

आणि मग एका गुरुवारी पावणेअकरा वाजून गेले, अकरा झाले, बारा झाले. काही नाही. नवीला हायसं वाटलं, गेली एकदाची. तीन वाजून दहा मिनिटांनी खोली अशी झुकली की तिच्या हातातली कात्री उडाली.

संध्याकाळी नवरा बूट काढत म्हणाला, "आज दिवस फुकट. सकाळभर दोर बदलत बसलो. वर चढायलाच तीन वाजून गेले."

नवीने वही मिटली आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली.

४

"अहो," तिने सुट्टीच्या सकाळी विचारलं. तो खिडकीत बसून पट्ट्याच्या कड्यांना तेल देत होता. "तुम्हाला वर कधी चक्कर येते?"

त्याने आधी स्वयंपाकघराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "आईला बोलू नकोस. लग्नाआधी यायची. दोन वर्षं. पाय काचेला लावले की पहिल्या झटक्यात."

"आणि तुम्ही तसेच चढत होतात?"

"मग काय करू? रोज सकाळी मुकादम कागद पुढे करतो. झोप झाली का, ताप आहे का, चक्कर येते का. फोन, घड्याळ, अंगठी पेटीत टाकायची, तीन उत्तरं लिहायची, सही करायची, चढायचं. 'येते' लिहिलं की त्या दिवसापासून तू खाली, बादल्या भरायला. मग दुसरं काम बघ. मला दुसरं काय येतं?" तो कडं उजेडात धरून बघत राहिला. "माझ्या जोडीला लंबू असतो, त्याला ठाऊक होतं. तो शेजारच्या दोरावरून ओरडायचा, पाढे म्हण! सोळाचा म्हण! मी सोळाचा पाढा म्हणत चक्कर उतरवायचो."

"आणि आता?"

"आता?" तो मोकळं हसला. "लग्नानंतर पहिल्यांदा चढलो, पाय लावले आणि वाट बघत बसलो. आलीच नाही. आजपर्यंत नाही. आता मी कागदावर 'नाही' लिहितो ना, तर ते खरं असतं. बरं वाटतं गं. तुझा पायगुण, दुसरं काय!" आणि त्याने तिच्या पावलावर बोटाने टिचकी मारली.

नवीने पाय साडीखाली ओढून घेतले.

५

त्यानंतर ती पावणेअकराची वाट बघू लागली.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला असता, आणि नवीने तो मुकाट्याने घेतलाही असता. तिला स्वतःलाच आपल्या डोक्याची खात्री वाटत नव्हती. पण साडेदहाला ती मशीन थांबवायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि भिंतीला पाठ लावून फरशीवर बसायची, दोन्ही बाजूंना एकेक उशी. नजर खिडकीच्या कडीवर रोवायची. डॉक्टरीणबाईंनी चक्कर घालवायला शिकवलेलं सगळं ती चक्कर नीट झेलायला वापरत होती. खोली झुकायची. तळव्यांना गार काच लागायची. आला वर, ती मनात म्हणायची. बसला फळीवर. पाय लावले. चाळीस सेकंदांनी उठायची, तोंडावर पाणी मारायची आणि सुईत दोरा ओवायची. जगात कुठल्या बायकोला नवरा कामाला लागल्याचं इतकं नेमकं कळत असेल?

गोळ्या ती बटणांच्या डब्यात टाकायची. नवरा रोज विचारायचा, "व्यायाम करू या का?" ती रोज म्हणायची, "आज नाही आली." खोटं बोलायची सवय नव्हती, पण हात बसला.

एका दुपारी सासूबाई येऊन तिच्यासमोर फरशीवरच बसल्या. त्यांच्या मांडीवर बटणांचा डबा होता.

"गोळ्या घेत नाहीस."

नवीने हातातली सुई पडद्यात खोचून ठेवली.

"बरं करतेस," सासूबाई म्हणाल्या. मग बराच वेळ त्या बटणं चाळत राहिल्या, पांढरी बाजूला, काळी बाजूला. "मला ही चक्कर अकरा वर्षं होती. बोळातून जाताना भिंत धरून जायचे. बघितलाच असशील तो पट्टा, तुझ्या नजरेतून सुटतं काय?"

नवीचे सासरे उंच चिमण्या आणि पाण्याच्या टाक्या रंगवायचे. ते पडून गेले, एवढं तिला ठाऊक होतं. घरात त्याहून जास्त कुणी बोलत नसे.

"मग गेली कशी, आई?"

"ह्यांनीच घालवली. कुठून कुठून औषध शोधून आणलं. स्वतःच्या हाताने चमच्याने पाजायचे मला, लहान पोरासारखं. आ कर म्हणायचे. चौथ्या दिवशी ते कामावर गेले आणि मी बघते तर घर गप्प उभं." सासूबाईंचा आवाज साधाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "मला इतकं बरं वाटलं गं! सगळी भांडी काढून घासायला बसले. माळ्यावरची पातेलीसुद्धा. शेजारीण म्हणाली, आज काय लगीनघाई आहे का? मी हसत होते. दुपारी माणसं आली, तेव्हा हात साबणाचेच होते माझे."

नळ ठिबकत होता.

"योगायोग असेल. असं मी रोज म्हणते. पुढे पोरगा त्याच कामाला लागला. त्याला यायला लागली ते मला कळलं, आईला कळतं. मी भिंतीला डोकं लावून बसायचे. म्हणायचे, मला दे, मला सवय आहे. नाही आली." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तुला त्या दिवशी मशीनला मिठी मारून बसलेली बघितलं, तेव्हा मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. दुसऱ्याची लेक अशी गरगरतेय आणि मला आनंद झाला. मला माफ कर, पोरी."

त्या दिवशी न वाचता आलेला चेहरा नवीला आता वाचता आला. राग यायला हवा होता. तिने स्वतःच्या आत शोधूनही बघितला.

"चहा टाकू का, आई?" ती म्हणाली.

६

बुधवारी ती पडली. दुकानाचा माणूस खाली गठ्ठा घ्यायला आला होता, बारा वाजले होते, आणि त्या वेळची चक्कर कधी येत नव्हती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर जिना हातातून सुटला. नऊ पायऱ्या. भुवईवर चार टाके पडले.

नवरा कामावरून धावत आला. त्याचा चेहरा असा झाला होता की टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी त्यालाच पाणी दिलं. "बारा वाजता लंबूच्या बादलीचा दोर अडकला म्हणून मी आडवा झुकलो होतो," तो रात्री बोलून गेला, दुसऱ्याच कशावर तरी बोलताना. नवीने ते ऐकून ठेवलं.

गुरुवारी सकाळी त्याने लगेच डबा घेतला नाही. हात धुतले आणि पलंगाची उशी काढून टाकली. "चार अवस्था. दोन मिनिटं. मग मी जातो."

"नको."

"रोज खोटं बोलत होतीस ना? वही बघितली मी. पान न् पान भरलंय. रोज, रोज येतेय तुला!" तो चिडला नव्हता. त्याला दुखलं होतं. "आणि मी मूर्खासारखा वर गाणी म्हणतोय."

मग नवीने सांगितलं. एवढं सलग ती त्या घरात कधी बोलली नव्हती. वेळा सांगितल्या, गुरुवारची तीन वाजून दहा मिनिटं सांगितली, तळव्यांची काच सांगितली. "ही माझी नाहीच. तुमची आहे."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. हसला असता तर तिने बाजी मारली असती. पण तो पलंगाच्या कडेवर बसला आणि तिच्या भुवईवरच्या पट्टीकडे बघत राहिला.

"असं होत नसतं," तो म्हणाला.

"नसेल."

"आणि होत असेल, समज... तर मग माझी आहे ना? परत दे मला."

"अहो..."

"माझी वस्तू तुझ्याकडे ठेवून मी वर मजेत बसू? तू नऊ पायऱ्या गडगडत जायचं आणि मी सही करायची, नाही म्हणून?" त्याचा आवाज फाटला. "असला पायगुण नको मला. झोप."

ती झोपली. का झोपली, हे पुढे ती स्वतःला पुष्कळदा विचारणार होती. डोकं दुखत होतं म्हणून. दिवसाच्या उजेडात आपलं बोलणं आपल्याच कानांना वेड्यासारखं लागलं म्हणून. आणि त्याचे दोन्ही तळहात तिच्या डोक्याखाली आले, गरम, साबणाने खरखरीत झालेले, आणि लग्न झाल्यापासून इतकं सांभाळून तिला कुणी धरलं नव्हतं म्हणून.

पहिलं अर्धं मिनिट. मान उजवीकडे, कडेवरून खाली. त्याचा चेहरा तिच्यावर उलटा होता. तो तिच्या डोळ्यांत बघत होता, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं, ओठांनी सेकंद मोजत.

दुसरं अर्धं मिनिट. त्याने तिची मान हलकेच डावीकडे वळवली.

"जागेवर आहेत," तो पुटपुटला. "तुझी बुबुळं एकदम जागेवर."

आणि नवीने बघितलं. त्याची नव्हती. त्याची दोन्ही बुबुळं हळूच डावीकडे सरकली आणि झटका देऊन परत आली. पुन्हा सरकली. पुन्हा झटका. तो मोजतच होता, सव्वीस, सत्तावीस, त्याला काही जाणवत नव्हतं.

"थांबा," ती ओरडली. पण त्याने तिला कुशीवर वळवलं होतं, आता तिच्या डोळ्यांसमोर नुसती फरशी होती. तिसरं अर्धं मिनिट संपलं. चौथ्यासाठी त्याने तिला उठवून बसवलं. खांद्यावरचा त्याचा हात जड झाला होता, आधार देणाऱ्याचा नव्हे, घेणाऱ्याचा.

"झालं," तो म्हणाला. "कसं वाटतंय?"

खोली लख्ख स्थिर होती. इतकी स्थिर की प्रत्येक वस्तूची कड दिसत होती.

"आज जाऊ नका."

"काल अर्धा दिवस बुडवलाय. लंबू एकटा आहे."

"मग कागदावर खरं लिहा. शपथ घ्या."

"लिहितो की." त्याने डब्याचं झाकण चाचपलं, नाड्या, पट्टा. बोळातून जाताना मध्येच एकदा त्याचा हात भिंतीला लागला. क्षणभरच. मग तो जिना उतरून गेला.

७

नऊ वाजता तिने त्याला फोन लावला. वाजला, वाजत राहिला. साडेनऊला पुन्हा. दहाला पुन्हा. फोन एव्हाना पेटीत, घड्याळाशेजारी, अंगठीशेजारी.

साडेदहाला ती जागेवर जाऊन बसली. पाणी प्यायली, उशा लावल्या, नजर खिडकीच्या कडीवर रोवली. ये, ती म्हणाली. ये गं बाई.

पावणेअकरा. कडी तिथेच होती.

तो काही घड्याळ लावून चढत नाही, पाच मिनिटं मागेपुढे होतात. तिने वाट बघितली. पंखा फिरत होता आणि घर फिरत नव्हतं. नळाचा थेंब सरळ खाली पडत होता. पडद्याच्या गठ्ठ्याची घडी, मशीनचं चाक, दाराची चौकट, सगळं जागच्या जागी, कुणी खिळे ठोकून ठेवल्यासारखं. इतकी निरोगी ती या घरात आल्यापासून नव्हती.

अकरा वाजता तिने त्याच्या कामाच्या जागेवरच्या ऑफिसात फोन लावला. एका बाईने उचलला.

"सगळे वर आहेत हो. खाली आले की निरोप देते."

"तेही वर गेले? नक्की?"

"सही आहे ना इथे."

"कागदावर काय लिहिलंय? चक्करच्या पुढे काय लिहिलंय?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "'नाही' लिहिलंय. सगळ्यांनीच 'नाही' लिहिलंय, बाई. तसंच लिहितात."

"त्यांना खाली बोलवा. आत्ताच्या आत्ता. त्यांना चक्कर येते."

"तुम्ही कोण?"

"त्यांची बायको."

"धरा हं. मुकादमांना विचारते." पलीकडच्या बाईने फोन टेबलावर ठेवला. चपला दूर गेल्या. दार उघडलं. रस्त्यावरची वाहनं ऐकू आली, वारा ऐकू आला. मग लांबून कुणी तरी काही तरी ओरडलं, एकच शब्द, कळला नाही. मग पळणारी पावलं. पुष्कळ. एक खुर्ची पडली. मग टेबलावरच्या फोनजवळ कुणीच उरलं नाही, आणि वारा तेवढा ऐकू येत राहिला.

नवीने फोन बंद केला नाही. तो तिने मशीनवर ठेवला, हळूच, झोपलेल्या माणसाला ठेवावं तसा. मग खोलीच्या मधोमध उभी राहिली, हात पसरले आणि गिरकी घेतली.

एक. दोन. पाच. पदर सुटला, मशीनच्या कोपऱ्यावर कंबर आदळली, तरी ती फिरत राहिली. खिडकी, दार, खिडकी, दार. भुवईचा टाका उसवल्याचं तिला कळलं. दारात सासूबाई उभ्या दिसल्या, मग खिडकी, मग परत सासूबाई. त्यांनी काय चाललंय हे विचारलं नाही. त्या आत आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मला घे," त्या म्हणाल्या.

दोघी फिरल्या. सासूबाईंचे गुडघे धड नव्हते, पण त्या फिरल्या, मान मागे टाकून, दात आवळून, सगळा भार नवीच्या हातांवर सोडून. भिंती वितळल्या. पंखा, रिळं, गठ्ठे, एका रेषेत धावायला लागले.

आणि तळव्यांना गार काच लागली.

"आली!" नवी किंचाळली. "आई, आली! लागली मला!"

"धरून ठेव!"

तिने धरून ठेवली. पायांची बोटं आवळून, जीव एकवटून, दोन्ही तळवे त्या ओल्या काचेवर दाबून धरले. एक श्वास. दुसरा श्वास. साबणाचा वास आला. खूप जवळ कुणी तरी सोळाचा पाढा म्हणत होतं, भरभर, अडखळत.

मग तळव्यांखाली काहीच नव्हतं.

काच नाही, फरशी नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. त्यानंतर फरशी लागली, ऊनऊन, घरची, आणि दोघी एकमेकींवर कोसळल्या. खोली थोडी डुलली, जशी कुणाचीही डुलते, आणि संथ होत गेली.

मशीनवरचा फोन बोलू लागला होता. "हॅलो? बाई? आहात का तुम्ही? हॅलो?"

सासूबाईंनी नवीच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी त्यात जे वाचायचं ते वाचलं. मग त्या एका हाताने फरशी आणि एका हाताने सुनेचा खांदा धरून उठल्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "परत."

"आई, फोन..."

"अजून काही ऐकलेलं नाही आपण. ऊठ."

नवी उठली. तिने सासूबाईंचे हात धरले, आणि दोघी पुन्हा फिरायला लागल्या.